शेजारी बघून येणाऱ्या बाई

बाई सोमवारी गेल्या. सकाळी साडेनऊ वाजता त्यांच्या भावाचा फोन आला. दहाच्या बसने बाई आणि मी धायरीला जाणार होतो. मी पिशवीतली वही काढून टेबलावर ठेवली आणि नारायण पेठेत त्यांच्या घरी गेलो.

सोमवारी आमचं वाचनालय बंद असतं. बाईंच्या दारात वाचनालयाचे अध्यक्ष उभे होते. मला बघून म्हणाले, "जातानासुद्धा सुट्टीचा वार बघून गेल्या. खाडा होऊ दिला नाही." पुण्यात दुःख असं बोलतं. त्यांचे डोळे लाल होते.

हे मी हळूहळू लिहितो आहे, रोज एखादा परिच्छेद. बाईंना ते पटलं नसतं. त्यांनी विचारलं असतं, "एका परिच्छेदाला एक दिवस? शेजारी किती वेळ लागतो? जाऊन बघून आलात का?"

शेजारी जाऊन बघून येणं हाच त्यांचा धर्म होता. निवृत्त होईपर्यंत त्या एका कारखान्यात बेअरिंग तपासायच्या. मग आमच्या वाचनालयाच्या मानद कार्यवाह झाल्या, म्हणजे पगार न घेता सगळा कारभार बघू लागल्या. मी तिथला पगारी ग्रंथपाल. ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेला. आपल्यासारख्या दुसऱ्या संस्थांशी स्वतःला ताडून बघायचं आणि त्यावरून पुढची दिशा ठरवायची, याला आमच्या शास्त्रात बेंचमार्किंग म्हणतात. परीक्षेत मी त्यावर चार पानी उत्तर लिहिलं होतं आणि चांगले गुण मिळवले होते. प्रत्यक्षात मी कधी शेजारच्या गल्लीतल्या वाचनालयाचा जिनाही चढलो नव्हतो.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा सभासदसुद्धा नव्हत्या. वरच्या हॉलमध्ये दाराजवळच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन तासभर बसल्या. मग काउंटरशी येऊन म्हणाल्या, "त्या निळ्या साडीतल्या बाईंना एक कादंबरी द्यायला तुम्हाला अकरा मिनिटं लागली."

मी विचारलं, "आपण सभासद आहात का?"

"छे. सभासद असते तर मीही पुस्तकाची वाट बघत बसले असते. मोजलं कोणी असतं?"

त्या काळी वाचकाने चिठ्ठी द्यायची, मी आत जाऊन पुस्तक शोधून आणायचं, अशी पद्धत होती. बाई कार्यवाह झाल्यावर महिन्याभरात कपाटं वाचकांना खुली झाली. "ज्याला हवंय त्याचे पाय वापरा, तुमचे कशाला?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

मी मूळचा यवतमाळचा. त्या मला नागपूरकर म्हणत. मी दोनदा दुरुस्ती केली. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "पुण्यातून बघितलं की पलीकडे सगळं नागपूरच. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मग मीही त्या नावाला ओ देऊ लागलो.

त्यांच्या बाबतीत सगळ्यात विचित्र गोष्ट ही, की त्या वाचत नसत. वर्तमानपत्र वाचत, हिशोब वाचत, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचत. पुस्तक मात्र कधी हातात धरून बसलेल्या दिसल्या नाहीत. त्यांचे थोरले भाऊ, ज्यांच्याबरोबर त्या राहत, तेही वाचणारे नव्हते. ते म्हणत, "हिला पुस्तकं मोजायला आवडतात. आमच्या घराण्यात वाचनाचा रोग नाही." एकदा एका सभासदाने खोचकपणे विचारलं, "बाई, स्वतः वाचत नाही आणि वाचनालय चालवता?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मी इतकी वर्षं बेअरिंग तपासली. एकही खाल्लं नाही."

दर शनिवारी त्या कपाटांवरून हात फिरवत. प्रत्येक दोन पुस्तकांमध्ये तर्जनी घालून बघायच्या. बोट गेलं नाही तर थांबायच्या. "नागपूरकर, इथे कोंबलंय. वाचकाला पुस्तक ओढायला पहिलवान आणावा लागेल." एक बोट जागा हा आमच्याकडे नियमच झाला. हा नियम त्यांनी कुठल्याशा दुसऱ्या वाचनालयात पाहिला होता, आणि तिथल्या ग्रंथपालाला त्यांनी याबद्दल आभाराचं पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं: "आमच्याकडे पुस्तकं कमी आहेत, म्हणून सैल बसतात." बाईंनी ते पत्रही फाइलला लावलं.

मोजायला आणि शिकायला दुसरं वाचनालयच हवं असं त्या मानत नसत. एकदा मंडईत मी त्यांच्याबरोबर होतो. लिंबं विकणाऱ्या मावशींपुढे उभ्या राहून विचारलं, "काल उरलेला माल कुठे ठेवता?"

मावशी म्हणाल्या, "तुमी घेनार हाय का?"

"घेणार नाही. शिकणार आहे."

मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "कालचा पुढं. पानी मारायचं, त्वांड गिऱ्हाइकाकडं करायचं. ताजा माल मागनंबी हाका मारतो."

बाईंनी डझनभर लिंबं घेतली आणि दुसऱ्या दिवशी हॉलच्या दाराशी एक टेबल मांडलं. ज्यांना वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता अशी पुस्तकं, धूळ पुसून, तोंड वाचकाकडे करून. सभासद त्याला मंडईचं टेबल म्हणू लागले. आठवडाभरात ते निम्मं रिकामं झालं. एक पुस्तक मात्र हलेना. कोकणातल्या होड्या कशा बांधतात यावरचं, जाडजूड, राखी रंगाचं. बाई रोज त्याची जागा बदलायच्या. डावीकडे, उजवीकडे, मध्ये उभं. ते तिथेच. "प्रत्येक टोपलीत एक लिंबू असतं असं," त्या म्हणायच्या, पण टेबलावरून काढायच्या नाहीत.

मग आराखडा आला.

अध्यक्ष म्हणजे निवृत्त वकील, माणूस सरळ. वाचनालयाचा पुढच्या पाच वर्षांचा आराखडा त्यांनी बैठकीत मांडला. वरच्या हॉलची अभ्यासिका करायची. स्पर्धा परीक्षांची मुलं पेठांमध्ये जागा शोधत फिरतात, हे खरंच होतं. पुस्तकं माळ्यावर जातील, मागणीनुसार खाली काढता येतील. आधाराला त्यांनी तुलना जोडली होती: शहरातलं सगळ्यात मोठं वाचनालय आणि आम्ही. पुस्तकं, सभासद, देवघेव, प्रत्येक रकान्यात आम्ही कुठल्या कुठे खाली.

बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "शेळीला हत्तीशेजारी उभी करून वजन केलंत. आता शेळी कापायची, एवढंच उरलंय."

"बाई, उपमा नकोत. आकडे द्या."

"देते. तीन महिने द्या."

माळ्यावर गेलेलं पुस्तक परत खाली येत नाही, हे त्या खोलीत बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. वाचनालयाचं नाव राहणार होतं आणि वाचनालय जाणार होतं.

ते तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे. दर सोमवारी आम्ही निघायचो. आमच्याएवढीच, एक हॉल आणि एक-दोन माणसं असलेली पाच वाचनालयं बाईंनी निवडली होती. त्या बाकावर बसून घड्याळ लावत. मी रजिस्टर बघून वहीत उतरवत असे. बाहेर पडलो की रस्त्यातच दोघांची भांडणं सुरू. "त्यांच्याकडे लहान मुलांची पुस्तकं खालच्या फळीवर होती, बघितलंत?" "हो, पण त्यांचं दार अरुंद आहे." "दाराचं सोडा हो, फळी बघा!" रिक्षावाले आमच्याकडे वळून बघायचे. चार वर्षं मी पुण्यात गप्प राहिलो होतो. त्या सोमवारांनी मला बोलायला लावलं.

पाचव्या सोमवारी धायरी. देवळामागच्या एका खोलीत वाचनालय. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणत. आम्ही तासभर बसलो, कुणीच आलं नाही. रजिस्टरमध्ये महिन्याचं एक पानही भरलेलं नव्हतं. बाईंनी तो आकडा आहे तसा लिहिला आणि पुढच्या बैठकीत आहे तसा वाचून दाखवला. काही लपवणं त्यांना माहीतच नव्हतं.

अध्यक्ष म्हणाले, "बाई, शेळ्या तुम्हीच निवडल्या. त्यातली एक तर जागेवर बसलीय. लहान वाचनालयांचं पुढे काय होतं, ते तुमच्याच वहीत आहे." निर्णय महिन्यावर ढकलला गेला, पण तो काय असणार हे दिसत होतं.

जिना उतरताना मी म्हटलं, "धायरीचं नाव घेतलं नसतं तरी चाललं असतं."

बाई थांबल्या. "कारखान्यात नियम होता. माप विचित्र आलं की आधी मोजायचं यंत्र तपासायचं, मग माल. मी माल तपासला. यंत्र तपासलंच नाही. सोमवारी परत जायचं."

या वेळी आम्ही सकाळपासून बसलो. दुपारी पिठाच्या गिरणीवाल्या एक बाई पुस्तक परत करायला आल्या. वहिनींनी नोंद केली. बाईंनी मान वाकडी करून तारीख बघितली. "चार महिने लागले वाचायला?"

"न्हाई वो. मला दोन दिस लागले. मग जाऊबाईनं नेलं. तिच्याकडनं शिवणक्लासवालीनं. तिच्या सासूनं तर ह्या पुस्तकापायी चष्मा करून घेतला. समद्यांचं झालं तवा आनलं."

"आणि रजिस्टरात?"

वहिनी म्हणाल्या, "रजिस्टरात एकच. नेलं हिनं, आनलं हिनं. मधी कुठं कुठं फिरलं ते मला ठाव हाय, रजिस्टराला न्हाई."

बाई ताडकन उठल्या. टेबलावर थाप मारली, शाईची बाटली उडाली. "नागपूरकर! यंत्र चुकलं! माझं यंत्र चुकलं!" त्यांनी गिरणीवाल्या बाईंचे पिठाने माखलेले दोन्ही हात धरले. चूक सापडली म्हणून इतकं हरखलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. येताना बसमध्ये त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या की कंडक्टरने विचारलं, "आजी, लॉटरी लागली का?"

"नाही हो," बाई म्हणाल्या, "मी चुकले!"

मंगळवारी आम्ही डिंक घेऊन बसलो. प्रत्येक पुस्तकाच्या कव्हराच्या आत एक चिठ्ठी: "हे पुस्तक वाचले असल्यास एक रेघ मारावी. नाव नको. घरातील इतरांनीही मारावी. चाळले असल्यास मारू नये." शेवटचं वाक्य अर्थात बाईंचं. आमच्या रजिस्टरमध्येही एका घरातलं एकच नाव असे. त्या नावामागे किती डोळे आहेत, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

पुस्तकं परत येऊ लागली तशी बाई दाराशीच उभ्या राहू लागल्या. कव्हर उघडायच्या आणि ओरडायच्या, "चार!" "सहा, आणि एक लाल खडूची, म्हणजे नातवंड!" वाचनालयात शांतता राखा ही पाटी त्यांच्याच डोक्यावर होती. एका सभासदाने विचारलं, "तुमची रेघ कुठे?" बाई म्हणाल्या, "मी वाचलं नाही, तर मारू कशी?"

आता मला माझं सांगावं लागेल. बैठकीच्या आदल्या दिवशी, मांडून ठेवायच्या पुस्तकांमध्ये काही चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. हॉलमध्ये कुणी नव्हतं. मी पेन काढलं आणि बारा पुस्तकांत रेघा मारल्या. होड्यांच्या पुस्तकात तीन.

दुसऱ्या दिवशी बाई एकेक कव्हर उघडून बघत होत्या. काही पुस्तकं उचलून बाजूला ठेवू लागल्या. मी मोजत होतो. बरोबर बारा.

"ह्या तुमच्या," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"रेघेलाही अक्षर असतं, नागपूरकर. बाकीच्यांच्या कशाही आहेत. तुमच्या सगळ्या खाली येताना डावीकडे वळतात, चोरासारख्या."

मी म्हटलं, "हॉल वाचावा म्हणून केलं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्चीत बसल्या आणि चष्मा पुसत राहिल्या. "माप घ्यायचं गेज दाबून धरलं की कुठलाही माल पास होतो. मग तो कुणाच्या तरी चाकात जाऊन बसतो." त्यांनी बाराही चिठ्ठ्या फाडल्या आणि तिथेच कोऱ्या चिकटवल्या. मला डिंकाची बाटली धरायला लावली.

बैठकीत त्यांनी टेबलभर पुस्तकं उघडी मांडली. रेघाच रेघा. पेनाच्या, पेन्सिलीच्या, थरथरत्या, ठसठशीत. मग म्हणाल्या, "दोन गोष्टी सांगायच्या आहेत. धायरीचा माझा आकडा चुकीचा होता. चूक त्यांची नाही, माझी. आणि आमच्याकडून बारा पुस्तकांत खोट्या रेघा पडल्या होत्या. ती पुस्तकं इथे नाहीत. इथे आहेत त्या खऱ्या."

आमच्याकडून, म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

अध्यक्षांनी एक पुस्तक उचललं, चिठ्ठी बघितली, ठेवलं. दुसरं उचललं. मग म्हणाले, "जन्म कोर्टात गेला. आपल्याच बाजूचा पुरावा आपणच फेकून देणारा पक्षकार पहिल्यांदा बघतोय." पाठोपाठ वकिलासारखा प्रश्न आलाच. "बरं, पण त्या मुलांचं काय? त्यांनी कुठे बसायचं?"

"हॉलमध्येच. आपण पाचला उघडतो. सकाळपासून तोपर्यंत आत कोण असतं? कुलूप. आपल्या पाच शेजाऱ्यांपैकी एकांकडे सकाळी हॉलमध्ये भजनी मंडळ बसतं आणि संध्याकाळी वाचक येतात. भिंती त्याच. जाऊन बघून या."

अध्यक्ष खरंच जाऊन बघून आले. टाळ ऐकले, चहा प्यायले आणि परत येऊन आराखड्याचं ते पान स्वतःच्या हाताने खोडलं.

पुढची दोन वर्षं आम्ही शेजाऱ्यांकडे जातच राहिलो. धायरीला सगळ्यात जास्त. वहिनींनीही चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि रेघांत त्या आमच्या पुढे होत्या. बाईंना ते सहन व्हायचं नाही आणि फार आवडायचंही. त्या सोमवारीही आम्ही हेच बघायला निघालो होतो.

चौदाव्या दिवशी बाईंचे भाऊ जिना चढून वर आले. यापूर्वी ते कधीच आले नव्हते. पिशवीतून पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं. जाडजूड, राखी रंगाचं.

"हिच्या उशाशी होतं. तुमचं दिसतंय."

मी रजिस्टर बघितलं. महिन्यापूर्वी बाईंच्या नावावर गेलेलं, नोंद त्यांच्याच हाताची. मी त्या वेळी चहा आणायला गेलो असेन. सवयीने कव्हर उघडलं. मी डिंक धरलेल्या त्या चिठ्ठीवर दोन रेघा होत्या. पहिली पट्टी लावून ओढलेली, काटकोनात, सुरुवातीला आणि शेवटी सारख्याच जाडीची. ती कुणाची ते विचारावं लागलं नाही. दुसरी वरून खालपर्यंत थरथरत गेली होती.

"ही दुसरी?"

"माझी," ते म्हणाले. "तेरा दिवस घरात बसून करणार काय होतो?"

"वाचलंत की चाळलंत?"

त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "अहो, चिठ्ठी वाचता येते मला. वाचलं. शिडाचं प्रकरण जरा लांबवलंय, बाकी ठीक." मग दाराशी जाऊन थांबले, टेबलाकडे बघितलं. "दुसरं एखादं द्या. पण एवढं जाड नको."

वरचा हॉल आहे. सकाळी तिथे मुलं अभ्यास करतात, पाचला वाचक येतात. सोमवारी मी धायरीला जातो, एकटा. होड्यांचं पुस्तक दारापासून तिसऱ्या कपाटात आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट जागा आहे. काल उघडून बघितलं तेव्हा चिठ्ठीवर तीन रेघा होत्या. तिसरी माझी नाही.